गायिकेने मागे वळून का बघितलं

विलेपार्ले पूर्व, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय बाळ,

तुझा साडेसात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. त्यातली दीड मिनिटं डोंबिवली स्टेशनवरच्या घोषणांची आहेत. उरलेल्या सहा मिनिटांत तू तीन प्रश्न विचारलेस: नोकरी सोडू का, बॉस्टनला शिकायला जाऊ का आणि कुठली गिटार घेऊ. फोनवर उत्तर देता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस. म्हणून कागद घेतलाय. फोटो काढून पाठवायचं काम सून करेल.

आधी शुक्रवारच्या रात्रीबद्दल. खारला तू जॅझ गिटार वाजवत होतीस तेव्हा मी मागच्या खांबाजवळ उभा होतो. तुला सांगितलं नव्हतं, कारण मी आलोय हे कळलं की तू माझ्यासाठी वाजवतेस. दुसऱ्या सेटमध्ये ते संथ बॅलड सुरू झालं. गायिकेने दुसरी ओळ उचलली आणि तिच्या ओळीच्या पोटातच तू एक लांबलचक, वेगवान तुकडा टाकलास. तुकडा स्वच्छ होता, गेल्या वर्षी तुला तो जमला नसता. तिने मागे वळून बघितलं. तू हसलीस, तुला वाटलं दाद मिळाली.

ती दाद नव्हती गं. पुढचा शब्द ठेवायला तिला जागा सापडेना, म्हणून तिने वळून बघितलं.

हे मला दुरून, अंधारात, कसं कळलं? कारण असं वळून माझ्याकडेही बघितलं गेलंय. 1986 ची गोष्ट. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलात आठवड्यातून तीन रात्री वाजवायचो. पियानोवर साठीतले एक गोवेकर होते. अमेरिकी जॅझ गिटारिस्ट वेस माँटगोमेरींची अष्टकं, म्हणजे एकच स्वर खालच्या-वरच्या सप्तकात एकदम छेडायचा, हे मला नुकतंच हाताला लागलं होतं आणि ते मी प्रत्येक गाण्यात घालत होतो. मीठ नवीन आणल्यासारखं. एका रात्री गायकाची ओळ चालू असताना मी असाच सुटलो. पियानो थांबला. मी बघतो तर म्हाताऱ्याने दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, शांत. गाणं संपलं तसा तो उठला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, ‘तूं वाजय, हांव जेवून येतां.’ आणि खरंच किचनकडे गेला. पुढची तीन गाणी मी, बेस आणि ड्रम असेच वाजवली आणि त्या तीन गाण्यांत मला कळलं की माझ्याकडे तुकडे पुष्कळ आहेत, पण गाणं उभं धरायला हातात काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानेच मला एक कॅसेट दिली. अमेरिकी पियानोवादक काउंट बेसींच्या जॅझ वाद्यवृंदाची. म्हणाला, गिटार ऐक. मी घरी जाऊन ऐकली, मला गिटार ऐकूच आली नाही. परत गेलो आणि म्हटलं, यात गिटार नाहीये. तो म्हणाला, ती काढून टाकली असती तर तुला ऐकू आली असती.

त्या कॅसेटवरचा माणूस फ्रेडी ग्रीन. 1937 ला बेसींकडे लागला आणि 1987 ला वारला तोवर तिथेच होता. पन्नास वर्षं. ॲम्प नाही, साधी पोकळ गिटार, तारा उंच चढवलेल्या, आणि प्रत्येक मात्रेला एक ठोका. चार मात्रा, चार ठोके. सोलो जवळजवळ नाहीच. सतरा-अठरा माणसांचा वृंद, तेरा-चौदा वाजंत्री फुंकणारे, आणि त्या सगळ्यांच्या पायाखाली ही एक गिटार. तिचा एकेक कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेला स्वरांचा गट, कान लावून सोडवला, तर बरेचदा त्यात मधल्या तारेवरचा एकच स्वर खऱ्या अर्थाने वाजत असतो, बाकीच्या तारा बोटांनी मिटलेल्या. एवढ्याशा आवाजावर त्याने अर्धं शतक नोकरी केली आणि त्याला बदली माणूस कुणी शोधला नाही.

तू जॅझ गिटारिस्ट व्हायचं म्हणतेस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर उभं राहणारं चित्र मला माहीत आहे. प्रकाशाचा झोत, डोळे मिटलेले, सोलो. तीन मिनिटांच्या गाण्यात तो सोलो अर्ध्या मिनिटाचा असतो. उरलेली अडीच मिनिटं तू काय करतेस, त्यावर तुला पुढच्या आठवड्यात फोन येतो की नाही हे ठरतं. आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे, साथ. नवीन मुलं ‘कॉम्पिंग’ म्हणतात, म्हणोत. पण तू लहानपणी आजोबांबरोबर पार्ल्याच्या मैफिलींना जायचीस ना? आप्पा जळगावकरांची पेटी तुझ्या आजोबांकडे रेकॉर्डवर असणारच. ती पुन्हा लाव आणि गायकाकडे दुर्लक्ष करून नुसती पेटी ऐक. गायक गातोय तोवर ती त्याच्या अर्ध्या पावलाने मागे, सावलीसारखी. त्याने श्वास घेतला की तेवढ्या फटीत वर येते, त्याचंच शेवटचं वाक्य त्याच्या हातात परत देते आणि पुन्हा खाली बसते. हेच करायचंय. फरक इतकाच की आपल्याकडे खाली सतत बदलणारे कॉर्ड आहेत, म्हणजे सावली धरताना वाटही दाखवायची आहे.

आता गिटार मांडीवर घे, पुढचं वाचत वाचत वाजव.

जाड्या तारेवर तिसरा पडदा, चौथ्या तारेवर तिसरा, तिसऱ्या तारेवर तिसरा. बाकी तारा मिटव. हा झाला जी मायनर सेव्हन, तीन स्वरांत. आता पाचव्या तारेवर तिसरा पडदा, चौथ्या तारेवर दुसरा, आणि तिसऱ्या तारेवरचं बोट जिथे होतं तिथेच. हा सी सेव्हन. मग जाड्या तारेवर पहिला, चौथ्या तारेवरचं बोट जिथल्या तिथे, तिसऱ्या तारेवर दुसरा. एफ मेजर सेव्हन. जॅझमध्ये पावलोपावली भेटणारा तीन कॉर्डांचा क्रम, टू-फाइव्ह-वन, तो हाच.

खालचा स्वर विसर, तो बेसवाला वाजवेल. फक्त आतल्या दोन तारांकडे बघ. पहिल्या कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना एकच बोट एकच पडदा सरकलं. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना दुसरं बोट एकच पडदा सरकलं. एफला षड्ज मानलंस तर आधी सा उतरून नीवर आला आणि मग मध्यम उतरून गंधारावर टेकला. तुला पेटीवर हे शोधायला दोन मिनिटं लागतील, पण एकदा कानाला सापडलं की सुटणार नाही. तू शुक्रवारी सहा-सहा तारांचे जे भव्य कॉर्ड धरत होतीस, त्यात ही सरकण्याची गंमत गाडली जाते आणि पियानोवाल्याच्या डाव्या हाताशी टक्कर होते ती वेगळीच. पियानो आणि गिटार एका मंचावर असतील तर एकाने कमी वाजवायचं, आणि ते एक म्हणजे आपण, असं धरून चाल.

मेट्रोनोम 60 वर लाव आणि त्याचा ठोका एक-तीनवर न घेता दोन-चारवर धर. म्हणजे तू 120 च्या लयीत वाजवतेस आणि यंत्र फक्त टाळीच्या जागा दाखवतंय. पहिले चार दिवस सारखी घसरशील आणि यंत्र बिघडलंय असं वाटेल. ते बिघडलेलं नसतं. हे रोज वीस मिनिटं, तीन महिने. या काळात घरी सोलो वाजवलास तरी माझी हरकत नाही, लोकांपुढे नको.

तुझी आणखी एक तक्रार, की फ्लॅटमध्ये रियाज करता येत नाही, खालच्या काकू वर येतात. अगं, जॅझच्या इतिहासात शेजाऱ्यांचं योगदान फार मोठं आहे. वेस माँटगोमेरी पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, न वापरता अंगठ्याने का वाजवायचे? रात्री आवाज होतो म्हणून घरातून आणि शेजारून कुरकूर झाली, त्यांनी पिक टाकून अंगठा घेतला आणि त्यातून तो मऊ, गोल नाद आला ज्यासाठी आज लोक हजारो रुपयांची यंत्रं घेतात. सॅक्सोफोनवाले सनी रोलिन्स नाव झालेलं असताना काम थांबवून 1959 ते 1961 न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवायचे, कारण इमारतीत शेजाऱ्यांना त्रास नको. हेच रोलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा सगळं सोडून आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिले होते, हे किती मुंबईकरांना माहीत आहे? मग 1978 ला ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव पहिल्यांदा भरला, धोबीतलावला रंगभवनात, तेव्हा ते वाजवायला आले. मी सतरा वर्षांचा, ठाकूरद्वारच्या चाळीतला. तिकिटाला पैसे नव्हते, पण रंगभवन उघड्यावरचं, आवाज भिंत ओलांडून फुटपाथवर पडायचा. तो मी उभ्याने गोळा केला. पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला, जवळ शाळा-इस्पितळं आहेत म्हणून 2003 नंतर तिथला आवाज बंद झाला. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण तिथून जाताना मान अजून वळते. तर, खालच्या काकूंना दुपारची वेळ विचारून घे आणि गिटार ॲम्पला न लावता वाजव. पोकळ गिटार मिटलेल्या तारांनी वाजवली तर तिचा आवाज मिक्सरपेक्षा कमी असतो.

आता नोकरी.

तुझ्या आईने मला फोन केला होता, हे तुला माहीत नसावं. त्यांचा प्रश्न एकच, गिटार वाजवून पोट भरतं का? मी त्यांना खरं तेच सांगितलं. गिटार वाजवून भरतं, जॅझ वाजवून भरत नाही. माझ्या चाळीस वर्षांतला कुठलाही महिना काढ. त्यात जॅझच्या रात्री चार, फार तर पाच. बाकी सगळं शिकवण्या, लग्नाच्या सुपाऱ्या, जाहिरातींची जिंगल्स, कुणाच्या तरी अल्बममध्ये आठ मात्रा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी श्वास घ्यायला वेळ नाही आणि जून-जुलैत फोन वाजला तर बँकेचाच. अकरा वर्षं आमचं घर बायकोच्या बँकेतल्या पगारावर चाललं. मुलाखतीत कलावंत हे सांगत नाहीत. मी मंचावर सोलो घेत होतो तेव्हा घराचा बेस ती धरून होती, आणि तिला त्याची टाळी मिळाली नाही.

वेस माँटगोमेरींचंच बघ. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात गिटार, घरात सात मुलं. रिव्हरसाइड कंपनीकडून त्यांची तबकडी निघू लागली तेव्हा वय छत्तिशीचं, 1959 साल. त्यांना पहिलं काम कसं मिळालं तेही ऐक. त्यांच्या आधीचा नावाजलेला जॅझ गिटारिस्ट चार्ली ख्रिश्चन, त्याचे सोलो त्यांनी तबकड्यांवरून जसेच्या तसे पाठ केले होते. क्लबवाल्याने त्यांना तेवढे सोलो वाजवायलाच ठेवलं. ते संपले की हे मंचावरून खाली. पुढचं येतच नव्हतं. टॅल फार्लो, इतका वेगवान हात असलेला गिटारिस्ट, पाट्या रंगवायचा धंदा करायचा आणि प्रसिद्धीच्या भरात तो पुन्हा त्याच पाट्यांकडे गेला. कुणी त्याला अर्धा कलावंत म्हटलं नाही.

तेव्हा ऐरोलीची नोकरी सोडू नकोस, निदान अजून दोन वर्षं. मला माहीत आहे, तुला हे भ्याडपणाचं वाटणार. पण पैशाची चणचण असली की माणूस कुठल्याही कामाला हो म्हणतो, आणि महिनाभर रोज तीच पाच गाणी वाजवून आला की घरी गिटारला हात लावावासा वाटत नाही. माझी 1991 ते 1994 ही वर्षं अशी गेली. त्या तीन वर्षांत मी एकही नवीन गाणं शिकलो नाही. पगार असेल तर तुला नाही म्हणता येईल. तुझ्या वयात कमावण्यासारखी गोष्ट हीच आहे. फक्त रात्रपाळी घेऊ नकोस.

व्यवहाराचं दोन ओळीत. निम्मे पैसे आधी, उरलेले सामान गुंडाळायच्या आधी. सामान गाडीत गेलं की यजमान सापडत नाही. हॉटेलवाले टीडीएस कापतात, त्याचा कागद मागून घे आणि रिटर्न भर, ते पैसे तुझे आहेत. स्वतःची रचना केलीस तर आयपीआरएसकडे, म्हणजे रचनाकारांच्या हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेकडे, नोंदव. ‘पैसे नाहीत पण प्रसिद्धी मिळेल’ म्हणणाऱ्याला विचार, केटररलाही प्रसिद्धीच देताय का?

बॉस्टनबद्दल माझं मत तुला आवडणार नाही. तिथली कॉलेजं उत्तम आहेत, त्यात वाद नाही. पण शिक्षणासाठी काढलेलं कर्ज फेडायला परत ऐरोलीच गाठावी लागेल. आणि तू तिथे जे शिकायला निघालीस त्यातलं निम्मं तुला अजून इथेच शिकायचंय. त्यातलं पहिलं म्हणजे वाचणं.

तू स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं स्वरलेखन, वाचत नाहीस. टॅब वाचतेस, म्हणजे कुठल्या तारेवर कितवा पडदा ते आकडे. मीही सत्ताविसाव्या वर्षापर्यंत वाचत नव्हतो आणि कानाने सगळं करतो म्हणून मिरवत होतो. या शहरात जॅझ ज्यांनी रुजवला त्यांची गोष्ट माहीत असती तर मिरवलो नसतो. तीसच्या दशकात ताजमध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक येऊन वाजवू लागले, लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड. त्यांचं बघून, ऐकून जे तयार झाले त्यांत सर्वांत मोठी फळी गोवेकरांची होती. ते इतक्या लवकर का तयार झाले? कारण गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकून आले होते. पुढ्यात कागद ठेवला की वाजवायचे. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटना हाताशी धरलं, त्यांचं जॅझ भगवानदादांच्या ‘अलबेला’त आलं, 1951 साली. तुझी आजी ज्या गाण्यावर नाचली असेल त्यात ताजच्या बॉलरूमची हवा आहे. आणि त्या हजारो गाण्यांत मागे बसून वाजवलेल्यांची नावं तबकडीवर नाहीत. आर. डी. बर्मन यांच्याकडची रिदम गिटार भानू गुप्ता वाजवायचे. ती गिटार देशाला पाठ आहे, नाव विचार, दहातले दोन सांगतील. पुन्हा साथच आली बघ.

मला वाचायला शिकवलं ते धोबीतलावच्या एका निवृत्त व्हायोलिनवाल्याने. तो जेर महालमधल्या कुडात राहायचा. कूड म्हणजे गोव्याच्या एकेका गावाची मुंबईतली खोली. भिंतीला लागून ट्रंका, एका कोपऱ्यात देव्हारा, दुपारी झोपलेल्या खलाशांच्या पायांमधून वाट काढत जायचं. तो माझ्यापुढे कागद उलटा ठेवायचा आणि म्हणायचा, वाच. उलटा का, हे त्याने कधी सांगितलं नाही. खाली उतरलं की फुर्टाडोजमधून कोरी स्वरलेखनाची वही. आठ महिने हे चाललं. पुढे 1995 ला मला क्रूझवर सहा महिन्यांचं काम मिळालं ते केवळ या आठ महिन्यांमुळे. तिथे रोज नवा पाहुणा गायक, दुपारी चारला त्याचे कागद हातात, एक तालीम आणि रात्री साडेआठला शो. माझ्यापेक्षा चांगले तीन गिटारिस्ट मुंबईत होते. ते वाचत नव्हते.

गिटार कुठली घेऊ, यावर तू मेसेजची दोन मिनिटं खर्च केलीस. मी दोन ओळी करतो. आहे ती ठेव. माझी पहिली गिटार कोलकात्याची गिवसन होती, गिब्सन नव्हे, आणि तिच्यावर मी नऊ वर्षं काढली. हवं तर तारा बदल, फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत तारा लाव, बोटांचा खरखराट जाईल आणि स्वर जरा जुन्या रेडिओसारखा येईल.

त्यापेक्षा पावसाळ्याकडे लक्ष दे. मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगतं, गिटारची मान हलते, तारा वर येतात आणि तुला वाटतं बोटांत ताकद उरली नाही. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाक, महिन्याने बदल. लग्नाच्या हॉलवर पोचलीस की पहिली गोष्ट बॅग उघडायची आणि गिटार तशीच अर्धा-पाऊण तास एसीत बसू द्यायची. मगच सूर लाव. बाहेरच्या घामातून आत आल्या आल्या लावलास तर पहिल्या गाण्याच्या मध्यावर ती उतरलेली असेल आणि नवरदेवाचा मामा तुझ्याकडे बघत असेल. लोकलमध्ये गर्दीच्या वेळी मालडबा बरा. मासेवाल्या मावशी आधी ओरडतील, मग त्याच गिटारला जागा करून देतील. बॅगेला दोन दिवस बोंबलाचा वास येतो, तेवढं सोसायचं.

आणि कान. हे मात्र नीट ऐक, तेवढं तरी ऐकू येतंय तोवर. माझ्या डाव्या कानात 1999 पासून बारीक शिट्टी वाजते. ड्रमवाला कायम माझ्या डाव्या हाताला आणि त्याची मोठी झांज माझ्या कानाच्या पातळीवर, अशी वीस वर्षं गेली. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पण दर 3 डेसिबल वाढीमागे ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात, आणि छोट्या क्लबात ड्रमजवळ 100 सहज होतात. मला हे कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. रात्री पंखा बंद झाला की ती शिट्टी सुरू होते. पंचमापेक्षा जराशी वर, बेसूर आहे हीच जास्त चीड येते. संगीतवाल्यांचे इअरप्लग मिळतात, शुक्रवारच्या एका रात्रीच्या बिदागीत येतील. घे.

तुझे रील्स बघतो. छान असतात. पण रीलमध्ये कधी कुणी साथ करताना दिसतं का? तीस सेकंद, सगळे सोलो. त्यामुळे तुमच्या पिढीला वाटतं की जॅझ म्हणजे एकामागून एक सोलो. जॅममध्ये आठ गिटारवाले जमतात आणि एकाचा सोलो चालू असताना उरलेले सात फोन बघतात. मी तरुणांना उगाच नावं ठेवणारा म्हातारा नाही, आमच्या वेळी फोन असते तर आम्हीही तेच केलं असतं. पण तुझ्याकडून मला जास्तीची अपेक्षा आहे, म्हणून टोचतोय. कोलकात्याचे कार्लटन किट्टो, 2016 मध्ये गेले, त्यांनी या देशात राहून आयुष्यभर बीबॉप, म्हणजे जॅझचा एक वेगवान प्रकार, वाजवला आणि पोरांना शिकवला. त्यांच्या काळात इथे कोण टाळ्या मोजत होतं?

शुक्रवारच्या गायिकेला फोन कर. माफी वगैरे मागू नकोस, अवघडल्यासारखं होईल. तिला विचार, त्या बॅलडचे शब्द काय आहेत. सगळे लिहून घे आणि पाठ कर. ती कुठे श्वास घेते त्या जागांवर पेन्सिलने खूण कर. मग माझ्याकडे ये, येत्या गुरुवारी संध्याकाळी. मी गाईन. माझा आवाज तुला माहीत आहे, त्याला साथ करणं हीच परीक्षा आहे. तू फक्त ते तीन स्वरांचे कॉर्ड आणायचे, आवाज बदलणारं पेडल एकही नको. पेन्सिलच्या खुणा सोडून तू कुठेही वर आलीस तर मी गाणं थांबवून आत जेवायला जाईन.

पोळ्या तुझ्याही असतील.

तुझे,
सर

ता. क. दादरला बदलून स्लोच पकड. पार्ल्याला फास्ट थांबत नाही, मागच्या वेळी अंधेरीहून उलटी आलीस.